पदवीच्या चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प: प्रश्नाच्या निवडीपासून तोंडी परीक्षेपर्यंत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी महाराष्ट्रात विद्यापीठांच्या विभागांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. त्यामुळे तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आता तीन वाटा असतात: पदवी घेऊन बाहेर पडणे, चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेणे, किंवा त्याच चौथ्या वर्षात स्वतंत्र प्रकल्प करून संशोधनासह ऑनर्स पदवी मिळवणे. हा लेख तिसऱ्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. या प्रकल्पाचे भवितव्य बहुतांशी सातवे सत्र सुरू होण्यापूर्वीच ठरते, असे माझे मत आहे. प्रश्न किती लहान आणि किती नेमका घेतला यावर पुढचे वर्ष कसे जाईल हे अवलंबून असते. म्हणून या लेखात प्रश्नाच्या निवडीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

पात्रता आणि तासांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक (क्रेडिट) लागतात. संशोधनासह ऑनर्स करायचे असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असावे लागतात आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प पूर्ण करावा लागतो. महाराष्ट्राच्या आराखड्यात हे १२ श्रेयांक सातव्या सत्रात ४ आणि आठव्या सत्रात ८ असे विभागलेले आहेत आणि सातव्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ श्रेयांकांचा स्वतंत्र विषयही आहे. आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक मिळवून त्यातील तपशील स्वतः वाचावा, कारण मूल्यमापनाची विभागणी, प्रबंधाची पृष्ठसंख्या आणि सादरीकरणाच्या तारखा विद्यापीठागणिक वेगळ्या असतात.

श्रेयांकांचा अर्थ तासांत मांडून पाहिला की कामाचा आवाका कळतो. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामासाठी एका श्रेयांकाला सत्रभरात साधारण ३० तास धरले जातात. त्या हिशेबाने सातव्या सत्रात १२० आणि आठव्या सत्रात २४० तास, म्हणजे एकूण ३६० तास प्रकल्पासाठी मिळतात. पंधरा आठवड्यांचे सत्र धरल्यास सातव्या सत्रात आठवड्याला ८ तास आणि आठव्यात १६ तास. इतर विषयांची व्याख्याने, अंतर्गत परीक्षा आणि सणांच्या सुट्ट्या सांभाळून हे तास काढायचे असतात, त्यामुळे वर्षभरात काय होऊ शकेल याची कल्पना ३६० या आकड्यावरूनच बांधावी.

पाचव्या सत्रातच आणखी एक चौकशी करून ठेवावी. आपल्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती आहेत, विभागाला हा अभ्यासक्रम चालवण्याची मान्यता आहे का आणि जागा किती आहेत, हे विभागप्रमुखांना थेट विचारावे. ७५ टक्के गुण मिळाल्यानंतर आपल्या महाविद्यालयात सोयच नाही असे कळले, तर सहाव्या सत्राच्या निकालानंतरच्या थोड्या दिवसांत दुसरीकडे प्रवेश शोधणे फार कठीण जाते.

या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येते आणि २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असणाऱ्याला पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्जही करता येतो. हे लाभ खरे आहेत. परंतु एखाद्या गोष्टीचा माग काढण्याची ओढ मनात नसेल, तर ३६० तास फार लांब वाटतील आणि अशा विद्यार्थ्याने साधी ऑनर्स पदवी घेण्यात काहीही कमीपणा नाही.

विषयातून प्रश्न कसा काढावा

विद्यार्थी बहुधा विषय घेऊन येतात आणि मार्गदर्शकाला हवा असतो प्रश्न. ‘महाराष्ट्रातील शेततळी’ हा विषय आहे. त्यावर माहिती गोळा करता येईल, प्रकरणे पाडता येतील, पण काम कधी संपले हे कशावरून ठरवायचे, याचे उत्तर त्यात नाही. भूगोल, अर्थशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने हाच विषय घेतला असे समजू आणि तो टप्प्याटप्प्याने कसा उतरवत न्यायचा ते पाहू.

पहिला टप्पा जागेचा. महाराष्ट्राऐवजी एक तालुका, तालुक्याऐवजी आपल्याला बसने जाऊन संध्याकाळी परत येता येईल असे एक गाव. दुसरा टप्पा वस्तूचा. शेततळी अनेक प्रकारची असतात. त्यांपैकी प्लास्टिकचे अस्तर असलेली, उन्हाळ्यात फळबागेला पाणी देण्यासाठी बांधलेली तळी तेवढी घ्यावीत. तिसरा टप्पा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, साध्या आकडेमोडीचा.

शेततळ्याचा एक परिचित आकार ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर असा आहे. बाजूंचा उतार एकास एक, म्हणजे एक मीटर खोलीला एक मीटर आत, असा धरला, तर तळाशी तळे २४ बाय २४ मीटर राहते आणि त्याची साठवण २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर भरते. आता अवर्षणप्रवण भागातल्या गावात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरू. तळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, म्हणून त्यात थेट पडणारे पावसाचे पाणी ५४० घनमीटर होते. ते साठवणीच्या चौथ्या हिश्श्याएवढेच आहे. अस्तर घातलेल्या तळ्याला चहूबाजूंनी उंच बांध असला, तर शेतावरून वाहणारे पाणी आत येत नाही. मग उरलेले सुमारे १,६५० घनमीटर पाणी येते कोठून? ओढ्यातून उचललेले असेल, कालव्याचे असेल, किंवा विहिरीतून आणि कूपनलिकेतून उपसलेले असेल. बाष्पीभवन हिशेबात घेतले, तर ही तफावत आणखी वाढते.

वहीच्या एका पानावर केलेल्या या गणिताने विषयाचा प्रश्न झाला: ‘या गावातील अस्तर घातलेली शेततळी भरण्यासाठी लागणाऱ्या पाण्यापैकी किती पाणी विहिरींतून येते, आणि ते कोणत्या महिन्यांत उपसले जाते?’ या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला आधी ठाऊक नाही, ते मोजून काढता येते, आणि उत्तर काहीही आले तरी ते लिहिण्याजोगे आहे. पाणी बहुतांशी ओढ्याचे निघाले, तरी प्रकल्प वाया जात नाही. ज्या प्रश्नाचे एकच विशिष्ट उत्तर आले तरच प्रबंध उभा राहतो, तो प्रश्न घेऊ नये, कारण असे उत्तर येत नाही असे दिसू लागले की आकडे वाकवण्याचा मोह होतो.

इतर विषयांतही हीच रीत चालते. मराठीच्या विद्यार्थ्याने ‘ग्रामीण कथेतील स्त्री’ असा विषय आणला, तर एखाद्या मासिकाचे ठराविक पाच वर्षांचे अंक घेऊन त्यांतील कथांत स्त्री-पात्रे कोणत्या प्रसंगी स्वतः बोलतात आणि कोणत्या प्रसंगी त्यांच्याविषयी इतर बोलतात, असा प्रश्न करता येतो. मात्र ते सारे अंक एका ग्रंथालयात सलग उपलब्ध आहेत की नाही हे आधी जाऊन पाहावे लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील किंवा पेशवे दफ्तरातील मूळ कागद वाचायचे असतील, तर मोडी लिपी चौथ्या वर्षात शिकून वेळ पुरणार नाही, ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच शिकलेली हवी. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याने हवे ते उपकरण चालू स्थितीत आहे का, त्यावर आठवड्यात किती वेळ मिळेल आणि रसायने मागवल्यापासून किती दिवसांत येतात, हे विचारल्याशिवाय प्रश्न पक्का करू नये.

मार्गदर्शकांकडे जाताना

रिकाम्या हाताने जाऊन ‘सर, एखादा विषय सुचवा’ असे म्हणू नये. एका पानाचे टिपण न्यावे. त्यात प्रश्न, तो कोठून सुचला, उत्तर काढण्यासाठी काय मोजावे किंवा वाचावे लागेल, आणि आपल्याला काय येत नाही, एवढे चारच मुद्दे असावेत. चौथा मुद्दा लिहायला अवघड वाटतो, पण तोच मार्गदर्शकाच्या सर्वाधिक उपयोगाचा असतो. संख्याशास्त्र येत नसेल तर तसे लिहावे. त्यासाठी वेळ आणि माणूस दोन्ही शोधता येतात.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावाच्या दबदब्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: आपल्या प्रश्नाच्या जवळपास त्यांनी स्वतः काम केले आहे का, आणि दर पंधरा दिवसांनी अर्धा तास ते देऊ शकतील का. प्रत्येक भेटीनंतर काय ठरले ते चार ओळींत लिहून त्याच दिवशी त्यांना पाठवावे. दोन महिन्यांनी ‘मी असे सांगितलेच नव्हते’ आणि ‘मला असेच सांगितले होते’ अशा गैरसमजाला मग जागा राहत नाही.

वाचन

आधीचे काम शोधण्यासाठी गुगल स्कॉलरबरोबरच इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचे शोधगंगा हे संकेतस्थळ अवश्य पाहावे. तेथे भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध पूर्ण स्वरूपात मोफत वाचता येतात आणि आपल्या जिल्ह्यावर कोणी काम केले आहे का हे तेथेच लवकर कळते. केंद्र आणि राज्य शासनाच्या संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना सुरू आहे आणि तिच्यातून सुमारे १३ हजार नियतकालिके उपलब्ध होतात. आपले महाविद्यालय तिच्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे. नसल्यास जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठवड्यातून एक दिवस बसण्याची परवानगी मिळवावी.

वाचलेल्या प्रत्येक लेखाची नोंद झोटेरोसारख्या मोफत साधनात पहिल्या दिवसापासून ठेवावी. नोंदीत लेखाचा सारांश लिहिण्याऐवजी त्याने काय मोजले, कसे मोजले आणि आपल्या प्रश्नाला त्यातून काय मिळते, या तीन ओळी लिहाव्यात. पंचवीस-तीस लेख असे वाचले, तर पदवीच्या प्रकल्पाला ते पुरेसे आहेत. जो लेख आपण स्वतः उघडून वाचलेला नाही त्याचा संदर्भ कदापि देऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने खऱ्यासारखे दिसणारे, पण अस्तित्वात नसलेले संदर्भ बनवून देतात, आणि परीक्षकाने असा एक संदर्भ पकडला की उरलेल्या प्रामाणिक कामावरचाही त्याचा विश्वास उडतो.

आराखडा आणि ऋतूंचे वेळापत्रक

संशोधन आराखडा पाच-सहा पानांचा असावा: प्रश्न, आधीचे काम, पद्धत, वेळापत्रक, खर्च. यांपैकी वेळापत्रकाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि सर्वाधिक प्रकल्प तेथेच अडकतात.

शेततळ्यांचेच उदाहरण पुढे नेऊ. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या मोजण्या तिच्या नोंदींशी ताडून पाहायच्या असतील, तर त्याच महिन्यांत मोजणे सोयीचे. पण आठवे सत्र एप्रिलच्या सुमारास संपते आणि प्रबंध त्याआधी द्यायचा असतो, म्हणजे चौथ्या वर्षातला मे महिना हाती लागणारच नाही. उन्हाळ्यातली सर्वांत खालची पातळी मोजायची असेल, तर सहाव्या सत्राची परीक्षा संपताच त्या मे महिन्यात पहिली मोजणी करावी लागते, आणि त्यासाठी प्रश्न फेब्रुवारी-मार्चपर्यंत पक्का झालेला हवा. विषय कोणताही असो, ऋतू, पीक, शाळांच्या परीक्षा, फुलांचा बहर, पक्ष्यांचे स्थलांतर, निवडणुका यांचे स्वतःचे वेळापत्रक असते आणि विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी ते जुळत नाही. दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

परवानग्यांचे अर्जही याच काळात करावेत. माणसांना प्रश्न विचारायचे असतील, तर महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. १८ वर्षांखालील मुलांचा सहभाग असेल, तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतात. संमतिपत्र सोप्या मराठीत लिहावे आणि वाचून दाखवावे. शेतकऱ्याला विहीर, कूपनलिका किंवा वीजजोडणीविषयी विचारताना त्याला अडचणीत आणू शकेल अशी माहिती आपल्या हाती येऊ शकते, याची जाण ठेवावी. म्हणून नावांऐवजी क्रमांक वापरावेत आणि नाव-क्रमांकांची यादी वेगळ्या वहीत, आपल्याच ताब्यात ठेवावी.

माहिती गोळा करताना

प्रत्यक्ष कामाआधी पाच-सहा जणांवर चाचणी फेरी घ्यावीच. ‘तुम्हाला पाणी पुरते का?’ या प्रश्नाला प्रत्येक जण आपल्या अपेक्षेप्रमाणे उत्तर देतो आणि त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी ‘गेल्या उन्हाळ्यात शेवटचे पाणी कोणत्या पिकाला आणि कोणत्या महिन्यात दिले?’ असे विचारले, तर उत्तर आठवणीतून येते आणि दोन शेतकऱ्यांच्या उत्तरांची तुलना करता येते. उत्तरे लोकांच्या मापात घ्यावीत आणि रूपांतर नंतर आपण करावे. शेतकरी क्षेत्र एकर-गुंठ्यांत सांगतो आणि पाणी मोटरीच्या तासांत. ‘पाच एचपीची मोटर आठवडाभर चालवली’ हे उत्तर मोजमापात आणायचे, तर २०० लिटरचे पिंप त्या मोटरीच्या पाण्याने किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून पाहावे. ते २५ सेकंदांत भरले, तर प्रवाह सेकंदाला ८ लिटर, म्हणजे तासाला २८.८ घनमीटर झाला. वर काढलेले १,६५० घनमीटर पाणी उपसायला त्या मोटरीला सुमारे ५७ तास लागतील, आणि रोज आठ तास वीज असेल तर सात दिवसांहून थोडे अधिक. शेतकऱ्याचे ‘आठवडाभर’ आणि आपले गणित असे एकमेकांना भेटले, की दोन्हींवरचा विश्वास वाढतो. ते भेटले नाहीत, तर कोठे चुकते आहे हे शोधण्यातच खरे संशोधन असते.

विहिरीची पातळी मोजताना वजन बांधलेली टेप कठड्यावरून सोडावी आणि कठड्याची उंची वजा करावी. मोटर नुकतीच बंद झाली असेल, तर पाणी अजून वर येत असते; शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसा तर कधी रात्री असते, म्हणून ‘पंप बंद होऊन किती तास झाले’ हा रकाना नोंदवहीत असलाच पाहिजे. उपग्रहाच्या चित्रांवरून तळी मोजण्याचा विचार असेल, तर आधी चित्राची सूक्ष्मता पाहावी. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या मोफत चित्रांत एक चौकट (पिक्सेल) १० मीटरची असते, म्हणजे ३० मीटरचे तळे जेमतेम नऊ चौकटींत बसते. लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटरच्या चौकटीत ते एका ठिपक्याएवढे उरते. तळ्यांची पहिली यादी सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा गुगल अर्थवरून करावी आणि गावात फिरून ती पडताळावी.

नोंदवही रोज, त्याच संध्याकाळी पूर्ण करावी. तारीख, वेळ, ठिकाण, कोण भेटले, काय ठरल्याप्रमाणे झाले नाही, हे सारे तिच्यात यावे. पानांची छायाचित्रे त्याच रात्री काढून दोन ठिकाणी साठवावीत.

विश्लेषण आणि लेखन

मूळ आकड्यांची फाइल कधीही बदलू नये. तिची प्रत करून त्यावर काम करावे आणि एखादी नोंद वगळली, तर का वगळली ते लिहून ठेवावे. शेतकरी बाराच असतील, तर ‘७५ टक्के शेतकरी’ असे न लिहिता ‘१२ पैकी ९ शेतकरी’ असे लिहावे. लहान संख्येवर टक्केवारी चढवली की वाचकाची फसवणूक होते, लिहिणाऱ्याचा तसा हेतू नसला तरी. एका गावावरून तालुक्याविषयी विधान करू नये.

प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी. पद्धतीचे प्रकरण क्षेत्रभेटी चालू असतानाच, तपशील ताजे असताना लिहून काढावे. जानेवारीत निष्कर्षांचे तक्ते आणि आलेख तयार करावेत, फेब्रुवारीत त्यांवरील चर्चा, मार्चमध्ये आधीच्या कामाचा आढावा आणि प्रस्तावना. कोणत्या भाषेत प्रबंध स्वीकारला जातो हे विभागाकडून लेखी घ्यावे. मराठीत लिहिणार असल्यास भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतील संज्ञा घ्याव्यात आणि एकदा घेतलेली संज्ञा शेवटपर्यंत तीच ठेवावी.

वाङ्मयचौर्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली आहे. तिच्यानुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते; १० ते ४० टक्के साम्य असल्यास प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो आणि त्यापुढे शिक्षा कडक होत जाते. तपासणीचा अहवाल मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी काढून घ्यावा. शब्द फिरवून टक्केवारी खाली आणणे हा उपाय नाही; जेथे साम्य दिसते तेथे मूळ लेख मिटून, आपल्याला काय समजले ते स्वतःच्या वाक्यांत नव्याने लिहावे.

तोंडी परीक्षा आणि त्यानंतर

बाह्य परीक्षक बहुधा पद्धतीवर प्रश्न विचारतात: हेच गाव का, एवढ्याच विहिरी का, मोजमापात चूक किती असू शकते. आपल्या कामाच्या मर्यादा स्वतःच, सुरुवातीला आणि स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आकड्यांतून मिळत नसेल, तर ‘हे माझ्या माहितीवरून सांगता येत नाही, सांगायचे झाल्यास अमुक मोजावे लागेल’ असे उत्तर द्यावे. नोंदवही सोबत न्यावी. एखाद्या आकड्यावर शंका आली, की त्या दिवसाचे पान उघडून दाखवता येते.

प्रबंध सादर झाल्यावर आणखी एक काम उरते आणि त्यासाठी कोणतेही श्रेयांक मिळत नाहीत. ज्यांनी आपल्याला विहिरीपाशी नेले, पिंप भरून दाखवले आणि कामाच्या दिवसांत वेळ दिला, त्यांना निष्कर्ष कळवायला हवेत. एका पानाचे टिपण साध्या मराठीत, कोणाचेही नाव न घेता तयार करावे आणि सरपंचांना आधी विचारून ते १ मे च्या ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवावे. तेथे शेतकरी जे आक्षेप घेतील, तेही नोंदवहीत तारखेसह लिहून घ्यावेत.